जुनी मिनी की नवी मिनी? १९८३ ची मेफेअर आणि २००३ ची कूपर यांतून एक निवडायची आहे

मिडलँड्सकर:

नमस्कार मंडळी. बर्मिंगहॅममध्ये दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक १९८३ ची मिनी मेफेअर: ९९८ सीसी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, १० इंची चाकं. दुसरी २००३ ची मिनी कूपर, म्हणजे बीएमडब्ल्यूवाली: १६०० सीसी, पाच गिअर. नवी निम्म्याहून कमी किमतीत मिळतेय, तरी मन जुनीकडेच धावतंय.

वापर शनिवार-रविवार, शिवाय आठवड्यातून दोनदा १२ मैलांवरचं ऑफिस आणि अधूनमधून शहराच्या मधल्या भागात फेरी. मोटरवे क्वचित. नट-बोल्ट खोलायची भीती नाही, पण वेल्डिंग येत नाही.

जुनीत नेमकं काय तपासायचं? हल्लीचं ई१० पेट्रोल (१० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल मिसळलेलं) तिला चालतं का? आणि नवी खरंच कमी कटकटीची आहे, की स्वस्त दिसते म्हणून मोह होतोय?

---

पत्रा_तपासनीस:

वेल्डिंग येत नाही हे सांगितलंत ते बरं केलंत, कारण सगळा निकाल त्यावरच आहे. जुनी मिनी घेताना इंजिन बघून भुलू नका. इंजिन-गिअरबॉक्स एकाच तुकड्यात वर उचलता येतो, सुटे भाग सगळे मिळतात. पत्र्याचं तसं नाही. पत्रा कुजलेला निघाला तर गाडीच्या किमतीइतकं वेल्डिंग सहज होतं.

सुरुवात खालून करा. दाराखालची सिल आधी बघा. अस्सल बाहेरची सिल खालच्या अंगाला अरुंद असते आणि तिला पाणी निघायच्या खाचा असतात. सिलची पट्टी फ्लोअरखाली सहा-नऊ इंच आत गेलेली दिसली, तर ती जुन्या सिलवर चढवलेली झाकणी आहे. आत कुजका पत्रा तसाच आहे आणि पाण्याला वाट नसल्याने तो आणखी जोरात कुजतोय. वरून रंग झकास असेल, त्याचा काही उपयोग नाही.

मग मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं जिच्यावर बसतात ती चौकट. ती पोकळ पेटीसारखी आहे, चाकांचा चिखल तिच्यात साठतो आणि ती आतून बाहेर गंजते. दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि खालचा आडवा भाग अंगठ्याने जोरात दाबून बघा. नवी सबफ्रेम विकत मिळते, तिचं फार मोठं दुःख नाही. खरं दुखणं तिचे पुढचे बोल्ट जिथे बसतात तिथे, म्हणजे मागच्या सीटच्या पायथ्याशी जो उभा पत्रा आहे त्यात. बोल्ट आतल्या नटमध्ये गंजून एकजीव झालेले असतात. फिरवायला गेलं की तुटतात, आणि एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं. हा उभा पत्रा आणि सिलचं मागचं टोक एकमेकांना भेटतात तो कोपरा ठणठणीत असेल तर निम्मी लढाई जिंकलीत.

वरच्या बाजूला तीन जागा: काचेखालच्या पट्टीची दोन्ही टोकं, मडगार्ड आणि दार यांच्यामधला अरुंद पत्रा, आणि हेडलाइटच्या वाट्यांभोवतीची कड. या गाडीचे सांधे बाहेरून वेल्ड केलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक सांध्यात पाणी थांबतं. सांध्याच्या रेषेवर रंग फुगून बारीक फोड आले असतील तर गंज आतून आलेला आहे, घासून रंग मारला तरी वर्षभरात परत डोकं वर काढतो.

डिकीत बॅटरीचा खड्डा असतो. बॅटरी उचलून खाली बघाच, तिथलं आम्ल आणि पाणी मिळून भोक पाडतात. पुढचे गालिचे उचला. खाली ओल असेल तर काचेचं रबर किंवा फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातली) रबरी बुचं गेलीत, आणि फ्लोअरही गेला असण्याची शक्यता मोठी.

इंग्लंडमधल्या वितनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी या गाडीचे पत्रे अजून बनवते, त्यामुळे 'मिळत नाही' ही अडचण नाही. अडचण मजुरीची आहे.

---

सहावा_गिअर:

इथे सगळे जुनीच्या बाजूने बोलणार हे दिसतंय, म्हणून नवीची वकिली मी करतो, पण वकीलपत्र अर्धंच घेतलंय.

२००१ पासूनची नवी मिनी चालवायला फार चांगली गाडी आहे. कोपऱ्यावर ती जशी वळते तशी त्या काळातली दुसरी छोटी गाडी क्वचित. एअरबॅग, एबीएस, हीटर, पावसात सुरू होणं, हे सगळं आलं. रोज मोटरवेवर साठ मैल जायचं असतं तर दुसरा विचारच करू नका म्हणालो असतो. जुनी मेफेअर जेमतेम ८० मैलांच्या वेगाची, आणि ६५ च्या पुढे शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. अपघाताच्या बाबतीत तर तुलनाच नको. तिच्या दारात आणि तुमच्या कोपरात फक्त एक पत्रा आहे.

आता उरलेलं अर्धं. तुम्ही बघितलेली कूपर २००३ ची आहे, म्हणजे तिच्यात रोव्हरच्या घराण्यातला पाच गिअरचा 'मिडलँड्स' गिअरबॉक्स असणार. तो २००४ च्या मध्यापर्यंत बसत होता, नंतर गेट्राग कंपनीचा आला. जुन्याच्या बेअरिंग जातात. चौथ्या-पाचव्यात गाडी चालवताना घूंऽऽ असा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो. दुर्लक्ष केलं तर शेवटी केसिंग फुटतं. आवाज येत असेल तर गाडी स्वस्त का आहे ते कळलंच.

दुसरं दुखणं पॉवर स्टिअरिंगचा पंप. हा विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप खाली, गरम जागी बसवलाय, आणि त्याला थंड ठेवणारा छोटा पंखा रस्त्याच्या घाणीने बंद पडतो. मग पंप तापतो, कण्हतो आणि एक दिवस स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. गाडी सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा, मोठा कण्हण्याचा आवाज ऐकू आला तर भाव पाडा. बॉनेट उघडून पुढच्या शॉकअपच्या वरच्या पत्र्यावर हात फिरवा. खड्ड्यांनी तो पत्रा छत्रीसारखा वर फुगतो, आणि मग अलाइनमेंट कधीच नीट बसत नाही. कूलंटची प्लास्टिक टाकी शिवणीवर फाटते, पण ती स्वस्तात बदलते.

यानंतरची, म्हणजे २००७ पासूनची कूपर एस घ्यायचा सल्ला कुणी दिला तर थंड इंजिन सुरू करताना कान द्या. सुरुवातीच्या टर्बो इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला पडतो आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज घेऊन घरी जाऊ नका.

---

मिडलँड्सकर:

@सहावा_गिअर, म्हणजे नवी घ्यायचीच तर २००४ च्या उत्तरार्धातली घ्यावी असं म्हणता?

---

सहावा_गिअर:

हो. आणि सर्व्हिसचे कागद असलेली. वीस वर्षांची नवी गाडी ही जुनीच गाडी असते, फक्त तिच्यात वायरी जास्त असतात.

---

ग्रीसगन:

पत्र्याचं वर आलंच आहे, मी यंत्राचं सांगतो. पण आधी एक मुद्दा, कारण प्रश्न 'जुनी की नवी' असा आहे आणि माझ्या मते ती एकाच गाडीची दोन रूपं नाहीतच.

सुएझच्या तेलटंचाईनंतर अभियंता अ‍ॅलेक इसिगॉनिस यांना छोटी गाडी काढायला सांगितलं गेलं. त्यांनी आखलेली पेटी १० फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच अशी होती, आणि त्या १० पैकी ६ फूट माणसांना द्यायचे होते. इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स इंजिनखाली सम्पमध्ये, म्हणजे तेलाच्या भांड्यात, घातला, डनलॉपकडून १० इंची टायर करून घेतले, अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू दिले. १९५९ ते २००० या काळात अशा ५३ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. प्रत्येक कल्पना जागा वाचवण्यासाठी आहे. नवी मिनी ३.६३ मीटर लांब, जुनी ३.०५. वजन ११०० किलोच्या आसपास, जुनीचं साधारण ६५०. तरी नवीत मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. चेहरा जुनीचा ठेवलाय, युक्ती मात्र घेतलेली नाही. जुनी आवडण्यामागे निव्वळ हळवेपणा नाही असं मी म्हणतो ते यामुळे.

आता देखभाल.

तेल. इंजिन आणि गिअर एकाच तेलात फिरतात. गिअरचे दात तेलाची चिकटी तोडतात, म्हणून साधं खनिज २०डब्ल्यू-५० घाला, फिल्टरसकट पावणेपाच-पाच लिटर लागतं, आणि ३००० मैलांना बदला. महागडं पातळ सिंथेटिक घालून काही मिळत नाही, उलट गळती वाढते. तेल काढताना सम्पच्या बुचाला चुंबक असतो, त्यावर काय आलंय ते बघा. राखाडी लोण्यासारखा गाळ चालतो. बोटाला टोचणारे कण आले तर गिअरबॉक्स बोलतोय. गाडी गरम झाल्यावर चालताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ६० पाउंडांच्या आसपास आणि आयडलला १५ तरी हवा.

ग्रीस. जुनी मिनी मारायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ग्रीसगन हरवणं. ग्रीस भरायची तोंडं, म्हणजे निपल, एकूण आठ. पुढे प्रत्येक बाजूला तीन (वरचा आणि खालचा बॉलजॉइंट, वरच्या आर्मचा आतला पिन), मागे प्रत्येक बाजूला एक. पुढचं चाक जॅकवर उचलून वजन काढल्याशिवाय बॉलजॉइंटमध्ये ग्रीस शिरत नाही, हे बहुतेक जण चुकतात. मागचा निपल सगळ्यांच्या विस्मरणात जातो. त्या आर्मच्या शाफ्टला एका टोकाला सुयांची बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला बुश आहे. ग्रीस नसलं की शाफ्टवर खाचा पडतात आणि मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. गाडी बघायला जाल तेव्हा मागे दहा पावलांवर उभे राहा. एक चाक ताठ आणि एक झुकलेलं दिसलं तर हेच.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा दांडा यांच्यातली फट. इंजिन थंड असताना १२ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३० मिमी. 'नऊचा नियम' लक्षात ठेवा. रेडिएटरच्या बाजूने व्हॉल्व्ह १ ते ८ मोजा. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा असेल तेव्हा दुसरा, बेरीज नेहमी नऊ. सगळे प्लग काढून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि ढकला, इंजिन अलगद फिरतं. स्पार्क पाडणाऱ्या पॉइंटची फट १५ थाउ, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२.

पाने वेगळे घ्या. तुमच्याकडे मिमीचा संच असेल तर तो इथे बसणार नाही. ७/१६, १/२, ९/१६ हे इंचातले पाने रोज लागतात. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर 'जवळजवळ' बसतो आणि त्या 'जवळजवळ'मुळेच नटची डोकी गोल होतात.

आणि एक दुखणं असं आहे की कारण माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. इंजिन रबराच्या बुशांवर डुलतं, म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यात विजेची एक अर्थची पट्टी असते. ती तुटली की स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधतो आणि चोकच्या केबलमधून जातो. चोकचा दांडा हाताला गरम लागतो, कधी धूर येतो. लोक चोक केबल बदलत बसतात. पट्टी बदला.

---

चोक_ओढा:

@ग्रीसगन यांनी पावसाचं सांगितलं नाही, आणि तिकडे तर पाऊस आहेच. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर जाळीच्या बरोब्बर मागे, पुढच्या बाजूला आहे. समोरून पाणी आलं की गाडी फुरफुरून बंद. डिस्ट्रिब्युटरवरचं रबरी-प्लास्टिक आवरण जागेवर आहे का ते बघा, प्लगच्या वायरी नव्या घ्या, कॅपमध्ये तडा असेल तर टाकून द्या. १९९६ नंतरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर काढूनच टाकला, पण त्या गाड्या वेगळ्या.

इंजिनाचा वरचा आधारदांडा, त्याचे बुशही बघा. हँडब्रेक ओढून क्लच जरा सोडा, इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर बुश गेले. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण तसंच चालवलं तर एक्झॉस्टचा पाइप मॅनिफोल्डच्या जोडापाशी तुटतो, आणि तो बसवताना शिव्या आपोआप सुचतात.

हेड आणि वॉटर पंप यांच्यामधली करंगळीएवढी बायपास नळी हाताने दाबून बघा. कडक किंवा फुगलेली असेल तर लगेच बदला. साधी नळी घालायला हेड किंवा पंप काढावा लागतो. घडीदार नळी तशीच दाबून बसते, फक्त टिकते कमी. ज्या दिवशी पंप निघेल त्या दिवशी साधी घाला.

---

मिडलँड्सकर:

हे सगळं छापून खिशात ठेवतोय. ब्रेक आणि पेट्रोलचं राहिलं. शिवाय शहराच्या मधल्या भागात स्वच्छ हवेचा कर लागेल ना?

---

पत्रा_तपासनीस:

कराची गंमत आहे. ४० वर्षं पूर्ण झालेली गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवली की रस्ता-कर शून्य, आणि बर्मिंगहॅमच्या स्वच्छ हवेच्या झोनमधला रोजचा ८ पाउंड किंवा लंडनच्या युलेझ या तशाच झोनचा १२.५० पाउंडही नाही. पण हा वर्ग आपोआप मिळत नाही, गाडीचं नोंदणीपत्र दाखवून अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी शून्य रुपयांचा, आपलं, शून्य पाउंडांचा कर भरून नोंद ताजी ठेवावी लागते. घ्यायच्या आधी कागदावर वर्ग बदललेला आहे का ते विचारा. उलट १९९५ ची मिनी घेतलीत तर तिला दोन्हीकडे पैसे. २००३ च्या कूपरचं नंबर टाकून सरकारी साइटवर बघा. पेट्रोल गाडीला धुराचं युरो ४ मानक लागतं, ते २००६ नंतर सरसकट आहे, आधीच्यांपैकी काही बसतात.

---

सहावा_गिअर:

एमओटी, म्हणजे दरवर्षीची रस्त्यालायकीची तपासणी, तीही माफ आहे, ती कटकटही मिटली.

---

ग्रीसगन:

नाही, तिथे थांबा. माफी तपासणीची आहे, गाडी रस्त्यालायक ठेवायची नाही. ब्रेक खराब असलेली गाडी चालवली तर दंड होतोच. सबफ्रेम कुजलेली गाडी 'एमओटी लागत नाही' या एका वाक्यावर विकली जाते, हा आजकालचा ठरलेला खेळ आहे. स्वखुशीने एमओटी करता येते, विकणाऱ्याला गाडी देण्याआधी करून घ्यायला सांगा. नाही म्हणाला तर कारण समजून घ्या. सरकारी साइटवर नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचे शेरे दिसतात. 'गंज, उजवी सिल' असा शेरा आणि पुढच्या वर्षी तो गायब, तर मधल्या काळात वेल्डिंग झालं की पुट्टी भरली, त्याची पावती मागा.

ब्रेक. चारही ड्रम असलेल्या गाडीचे ब्रेक हाताने अ‍ॅडजस्ट करावे लागतात. पुढे प्रत्येक चाकाला दोन अ‍ॅडजस्टर, मागे एक. चौकोनी डोक्याचे असतात आणि मागचे हमखास जाम झालेले. चौकोनी ब्रेक-पानाच वापरा, साध्या पान्याने डोकं गोल होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चाक अडेपर्यंत आवळायचं, मग ते मोकळं फिरेपर्यंत एकेक खटका मागे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याच्या उलट बाजूच्या पुढच्या चाकाचा सिलिंडर गळतोय किंवा जाम आहे. डिस्क बसवायच्या असतील तर ध्यानात ठेवा, १९८४ पासूनच्या ८.४ इंची डिस्क १० इंची चाकात मावत नाहीत, १२ इंची चाकं घ्यावी लागतात. १० इंचीतच राहायचं तर ७.५ इंची डिस्क. तुमच्या वापराला नीट बसवलेले ड्रम पुरतात.

१० इंची टायरना नक्षी भरपूर असते पण वय झालेलं असतं, कारण या गाड्या कमी चालतात. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही असो, बदलायचे.

पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे. त्यातला अल्कोहोल जुन्या रबरी नळ्या फुगवतो, भेगाळतो. सुपर पेट्रोल बहुतेक पंपांवर ई५ मिळतं, तेच घाला, आणि तरीही टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी अल्कोहोल सोसणारी, आर९ दर्जाची नवी घाला. एसयू कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई व्हायटन (अल्कोहोल सोसणारं रबर) टोकाची घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते.

शिसं. १९८३ च्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) नाहीत, त्यांना पेट्रोलातलं शिसं जपायचं, आणि शिसं असलेलं पेट्रोल २००० सालापासून बंद आहे. मागच्या मालकाने हेड बदललंय का ते विचारा. नसेल तर टाकीत शिशाऐवजीचं औषध घाला आणि टॅपेटवर लक्ष ठेवा. एक्झॉस्टच्या टॅपेटचं अंतर दर वेळी कमी झालेलं दिसलं, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय. हेड निघेल तेव्हा चार एक्झॉस्ट सीट कडक बसवून घ्या, मग औषध बंद.

---

चोक_ओढा:

विमा क्लासिकवाला घ्या, ठरलेल्या किमतीचा आणि कमी मैलांचा. ऑफिसला जाता हे आधीच सांगा, काही पॉलिसीत ते चालत नाही. आणि स्टिअरिंगला मोठं कुलूप. ही गाडी उघडायला चोराला वेळ लागत नाही.

---

मिडलँड्सकर:

ठरलं, शनिवारी मेफेअर बघायला जातो. बरोबर काय काय नेऊ?

---

पत्रा_तपासनीस:

जुने कपडे, टॉर्च, आणि फ्रिजवरचा एक पातळ चुंबक मऊ कापडात गुंडाळून. सिल, मडगार्डची खालची बाजू, दारांची खालची कड, मागच्या चाकांच्या कमानी इथे फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हरने टोचत बसू नका, मालक चिडतो आणि चिडायचा त्याला हक्क आहे.

फोनवरच सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करायचं. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर पत्रा बघून घ्या, पण इंजिनासाठी दुसऱ्या दिवशी परत जा. थंड सुरू करताना चोक लागतो का, पहिल्या मिनिटात खडखड किती, निळा धूर किती, हे सगळं तेव्हाच कळतं. मग रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. टकटक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, झिजलाय. दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय उचला, गिअर बाहेर उडी मारतो का बघा. आणि पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तमच, गालिचे त्याच दिवशी उचलायचे.